घरच्या एस्प्रेसोसाठी ग्राइंडर बदलायचा का? निर्णयाआधी काय तपासावं

अर्धाकप (धागाकर्ता):
नमस्कार. मांडणी अशी आहे. मशीन ५८ मिमी पोर्टाफिल्टरचं (कॉफी भरून मशीनला लावायचा दांडा), सिंगल बॉयलर (पाणी तापवायची एकच टाकी), व्हायब्रेशन पंप, प्री-इन्फ्युजन (पूर्ण दाबाआधी कॉफी भिजवणं) नाही. बास्केट (पोर्टाफिल्टरमधली कॉफीची जाळी) एकपदरी, १८ ग्रॅमचं. ग्राइंडर इलेक्ट्रिक, कोनिकल बर्रचा (बर्र म्हणजे दळणारे दातेरी भाग, कोनिकल म्हणजे शंकूसारखे), ४० खाचांचा (दळ जाड-बारीक करायच्या पायऱ्या). मुळात पोअर-ओव्हरसाठी (वरून पाणी ओतून गाळायची कॉफी) बनवलेला, पण खालच्या खाचांवर एस्प्रेसोपुरतं बारीक दळतो. कॉफी मध्यम भाजणीची, भाजून दोन आठवडे झालेली.

अडचण मधल्या जागेची आहे. ८ व्या खाचेवर १८ ग्रॅम कॉफीतून ३६ ग्रॅम शॉट (एका वेळचा एस्प्रेसो) १९ सेकंदांत पडतो. आंबट आणि पातळ लागतो. ७ व्या खाचेवर तोच शॉट ४२ सेकंद घेतो. कडवट, घसा कोरडा करणारा. हवा तो २८-३० सेकंदांचा शॉट या दोन्हींच्या मध्ये आहे आणि तिथे खाचच नाही.

ग्राइंडर बदलावा, की टँपिंग (कॉफी दाबून बसवणं), बास्केट, मशीनचं प्रेशर यांत काही करून याच्यावरच भागेल? आणि बदलायचाच तर काय बघून?

तराजू:
खरेदीच्या आधी दोन चाचण्या करा. दोन्हींना फक्त कॉफी लागते आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा.

पहिली चाचणी, तेच ते पुन्हा येतं का. मशीन अर्धा तास तापू द्या, पोर्टाफिल्टर ग्रुपला (मशीनच्या पाणी सोडणाऱ्या तोंडाला) लावूनच ठेवा. खाच ८ वर ठेवा, ४-५ ग्रॅम दळून टाकून द्या, म्हणजे आत अडकलेला जुना चुरा निघून जाईल. मग सलग चार शॉट. प्रत्येकाचा डोस (कोरड्या कॉफीचं वजन) दळल्यानंतर पुन्हा तोलायचा, १८.० च्या आजूबाजूला ०.१ पेक्षा जास्त फरक नको. पंप सुरू झाल्यापासून वेळ मोजा आणि शॉट वजनावर थांबवा, घड्याळावर नाही: कपात ३६ ग्रॅम झाले की बंद. चारही वेळा तीन सेकंदांच्या आत बसल्या तर तुमचा ग्राइंडर आणि तुमचा हात दोन्ही एकसारखे चालताहेत. सहा-सात सेकंदांचा फरक आला तर आधी त्याचं कारण शोधा, कारण नवीन ग्राइंडर आणला तरी हा फरक बहुतेक तुमच्यासोबतच येईल.

दुसरी चाचणी, खाचांच्या मधली जागा डोसने भरून बघणं. ८ वरच डोस १८.५ आणि मग १९.० करा. ७ वर १७.५ आणि १७.० करा. प्रत्येक वेळी कपातलं वजन डोसच्या दुप्पट ठेवा, म्हणजे प्रमाण बदलणार नाही. अर्ध्या ग्रॅमने वेळ साधारण दोन ते चार सेकंद सरकते. भाजणीप्रमाणे कमी-जास्त होईल.

यातून मिळणारी चव म्हणजे बारीक खाचांचा ग्राइंडर तुम्हाला काय देईल याचा जवळपासचा अंदाज. तो शॉट आवडला तर ग्राइंडर बदलण्याला कारण आहे. वेळ जुळूनही चव सपाट किंवा गढूळच राहिली, तर खाचांवर पैसे घालून काही होणार नाही. प्रश्न दळणाच्या प्रतीचा, कॉफीचा किंवा मशीनच्या तापमानाचा आहे.

खाचखळगे:
तराजू यांच्याशी सहमत. एका खाचेत १९ चे ४२ सेकंद का होतात ते लिहितो, कारण त्यावरूनच पुढचा ग्राइंडर निवडता येतो.

दाबलेल्या कॉफीतून पाणी किती वेगाने जाईल हे ढोबळमानाने कणांच्या आकाराच्या वर्गावर (स्क्वेअरवर) ठरतं. कण थोडेसे बारीक झाले तरी प्रवाह त्याहून बराच जास्त घटतो. शिवाय बर्र जवळ आले की नुसते कण लहान होत नाहीत, अगदी पिठासारख्या चुऱ्याचं प्रमाणही वाढतं, आणि तो चुरा कणांमधल्या फटी बुजवतो. पोअर-ओव्हरमध्ये तीच एक खाच जेमतेम जाणवते, कारण तिथे दळ जाड आणि दाब फक्त पाण्याच्या उंचीचा.

आता खाचेचं गणित. ॲडजस्टमेंटच्या कॉलरला (दळ बदलायला फिरवायच्या कड्याला) आटे असतात. एका पूर्ण फेऱ्यात कॉलर १ मिमी सरकत असेल आणि फेऱ्यात ४० खाचा असतील, तर एका खाचेला बर्र २५ मायक्रॉन सरकतो. फेऱ्याला ०.८ मिमी आणि १०० खाचा असतील तर ८ मायक्रॉन. एस्प्रेसोसाठी ८ ते १२ मायक्रॉनच्या आसपासची खाच सुखाची. १६ चालते, मग उरलेला फरक डोसने भरायचा. २५-३० ला तुमच्यासारखीच पंचाईत होते.

इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. कंपन्या जो आकडा देतात तो बर्र वर-खाली किती सरकतो त्याचा असतो. फ्लॅट (सपाट चकत्यांच्या) बर्रमध्ये सरकणं आणि फट उघडणं एकच. कोनिकलमध्ये उतार असतो, त्यामुळे फट त्याहून कमी उघडते. उतार अक्षाशी ३० अंशांत असेल तर निम्मीच. म्हणून फ्लॅटचे २० मायक्रॉन आणि कोनिकलचे २० मायक्रॉन शेजारी ठेवून तुलना करू नका.

मंद_आच:
खाचा कमी पडताहेत हे दिसतंच आहे, पण मशीन तपासल्याशिवाय ग्राइंडरवर खापर फोडायला मी तयार नाही.

पंपाचं प्रेशर. व्हायब्रेशन पंपाच्या बऱ्याच घरगुती मशीनमध्ये ओव्हर-प्रेशर व्हॉल्व (जादा दाब सोडून देणारी झडप) १२ ते १५ बारवर सोडलेला असतो, कारण ती दुपदरी बास्केट गृहीत धरून बनवलेली असतात. एकपदरी बास्केटला ९ बार पुरेत. जास्त दाबाखाली पक (बास्केटमधली दाबलेल्या कॉफीची वडी) कमकुवत जागी फुटतो, पाणी तिथूनच पळतं, आणि एकाच शॉटमध्ये आंबटही लागतं नि कडूही. प्रेशर गेज जोडलेला पोर्टाफिल्टर लावून बंद बास्केटवर आकडा बघा. स्प्रिंग बदलून किंवा स्क्रू फिरवून ९ वर आणता येतं. काही मशीनमध्ये हा व्हॉल्व सहज हाती लागत नाही, तिथे हट्टाने उघडाउघड करू नये.

प्रेशर उतरवल्यावर खाचांमधला फरकही थोडा सौम्य होतो. पूर्ण जाणार नाही, पण ४२ चा शॉट तितका ओरबाडल्यासारखा लागणार नाही.

तापमान. सिंगल बॉयलरमध्ये थर्मोस्टॅटच्या चढ-उतारात पाण्याचं तापमान कित्येक अंशांनी हलतं. म्हणून शॉट प्रत्येक वेळी चक्राच्या त्याच टप्प्यावर घ्या: हीटरचा दिवा लागून विझला की मोजून तेवढेच सेकंद थांबायचं. हे पाळलं नाही तर तराजू यांची पहिली चाचणी निरर्थक ठरेल.

आणि वाचणाऱ्या इतरांसाठी: ज्यांच्याकडे फक्त दुपदरी, खाली एकच बारीक छिद्र असलेलं बास्केट आहे, त्यांनी ग्राइंडरचा विचार आत्ता करूच नये. तिथे दाब ते छिद्र तयार करतं, दळ नाही. आधी एकपदरी बास्केट, मग बाकीचं.

अर्धाकप:
मंद_आच, गेज लावून बघितला, ९.५ बार दाखवतोय, म्हणजे तिकडे फारसं काही नाही. चाचण्या या आठवड्यात करतो. दरम्यान एक सुचलं: बर्रखाली शिम (पातळ चकती) टाकून मधली खाच मिळेल का? काही ग्राइंडरसोबत शिम येतातही.

खाचखळगे:
शिमने सगळ्या खाचांचा पट्टा सरकतो, खाच बारीक होत नाही. ज्याचा ग्राइंडर सर्वांत खालच्या आकड्यावरही एस्प्रेसोइतकं बारीक दळत नाही, त्याच्यासाठी शिम आहे. तुमचा ७ वर ४२ सेकंद देतोय, बारीकपणा भरपूर आहे. शिम टाकलात तर १९ आणि ४२ हेच शॉट ८-७ ऐवजी १२-११ वर मिळतील.

एक अपवाद. शिमची जाडी खाचेच्या अंतराच्या साधारण अर्धी असेल तर सगळा पट्टा अर्ध्या खाचेने सरकतो आणि आज जिथे दरी आहे तिथे खाच येते. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल साधारण १० ते २० मायक्रॉन जाड असते, म्हणजे हे शक्य कोटीतलं आहे. पण कॉफी बदलली की दरी पुन्हा दुसरीकडे. एकाच कॉफीवर वर्षभर राहणाऱ्याला चालेल.

काही कोनिकल ग्राइंडरमध्ये वरच्या बर्रची बैठक स्वतंत्रपणे फिरवून पट्टा सरकवता येतो. त्यालाही हाच नियम.

दळणदळ:
ग्राइंडर बदलण्याआधी तो साफ केला आहे का? वरचा बर्र काढा, ब्रशने दाते आणि चुरा बाहेर पडायची नळी कोरडीच स्वच्छ करा. पाणी नको, लोखंडी बर्र गंजतात. तांदूळ दळून साफ करायचा सल्ला फिरत असतो, तो टाळा. कच्चा तांदूळ कॉफीच्या दाण्यापेक्षा कठीण असतो आणि छोट्या मोटरवर ताण येतो. त्यासाठी वेगळ्या गोळ्या मिळतात.

बर्र परत बसवताना बैठकीत एक जरी कण राहिला तरी बर्र तिरका बसतो. तिरक्या बर्रमध्ये एका बाजूला फट रुंद, दुसरीकडे अरुंद, म्हणजे जाड आणि पीठ दोन्ही एकत्र. ४२ सेकंदांचा शॉट कडवट असूनही पोकळ लागत असेल तर मला आधी हाच संशय येईल.

फ्लॅट बर्रवाल्यांना हे डोळ्यांनी तपासता येतं. प्लग काढा. बर्रच्या बाहेरच्या कडेवर व्हाइटबोर्ड मार्करची शाई लावा, हाताने फिरवत बर्र एकमेकांना टेकेपर्यंत आवळा, एक-दोन फेरे द्या आणि उघडा. शाई सगळीकडून पुसली गेली तर बर्र समांतर. जिथे शाई शिल्लक राहिली तो भाग खोल आहे. त्याच्या खाली फॉइलचा तुकडा ठेवून पुन्हा तपासा. छोट्या कोनिकलमध्ये हे असं जमत नाही, तिथे फक्त स्वच्छता आणि मधल्या शाफ्टचा खेळ बघायचा. शाफ्ट हाताने डगमगत असेल तर बेअरिंग गेलं.

बर्र झिजल्याच्या खुणा वेगळ्या: त्याच कॉफीला महिन्यागणिक खाली-खाली जावं लागतं, दळायला जास्त वेळ लागतो, चुरा गरम लागतो. अशा वेळी नवीन ग्राइंडर नको, नवीन बर्र पुरतात.

अर्धाकप:
निकाल. बर्र साफ करून, मंद_आच यांच्या पद्धतीने तापमान सांभाळून:

खाच ८, १८.० ग्रॅम: २०, १९, २१, २० सेकंद.
खाच ८, १९.० ग्रॅम: २६ सेकंद. आंबटपणा बराच उतरला, गोडवा आला, पण पक शॉवर स्क्रीनला (वरून पाणी सोडणाऱ्या जाळीला) चिकटतोय.
खाच ७, १८.० ग्रॅम: ४०, ४३, ४० सेकंद.
खाच ७, १७.० ग्रॅम: ३३ सेकंद. हा यातला सर्वांत चांगला. अजून किंचित कडू.

तराजू:
यात सगळं आहे. त्याच खाचेवर दोन-तीन सेकंदांचा फरक, म्हणजे ग्राइंडर आणि हात एकसारखे. मधल्या वेळेला चव सुधारते, म्हणजे तुम्ही शोधताय ती जागा खरंच आहे आणि तिथे जाण्यासारखं काही आहे. अडथळा फक्त खाचेचा. बदलाच्या बाजूने याहून स्वच्छ कारण सहसा मिळत नाही.

पक स्क्रीनला चिकटतोय म्हणजे १९ ग्रॅमला बास्केटमध्ये जागा उरत नाही. २० ग्रॅमचं बास्केट घेऊन ८ वर १९-२० ग्रॅम वापरलं तर आजच प्यायलायक शॉट मिळेल. तुमची कॉफी पिण्याची सवय एकाच कॉफीची असेल तर एवढ्यावर थांबणंही चुकीचं नाही. दर पंधरवड्याला वेगळी कॉफी आणत असाल तर प्रत्येक पाकिटाला डोस, बास्केट आणि प्रमाण यांची नवी जुळवाजुळव होईल, आणि त्यात पाव पाकीट संपेल.

मंद_आच:
आणखी एक वाट: ८ वर १५-१६ ग्रॅम, कपात ४० ग्रॅमपर्यंत, जलद शॉट. २०२० साली ‘मॅटर’ या नियतकालिकात क्रिस्टोफर हेंडन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, त्याचा रोख हाच होता: फार बारीक दळलं की पाणी पकमधून असमान जातं आणि अर्क उलट कमी उतरतो, थोडं जाड आणि कमी कॉफी घेतली तर शॉट जास्त एकसारखे येतात. अंगाने (तोंडात जाणवणाऱ्या घट्टपणाने) हलका लागेल, पण हलक्या भाजणीला छान जमतो. दुधात मात्र हरवतो.

हातचक्की:
दिवसाला दोन-तीन शॉट असतील तर हाताचा ग्राइंडर बघाच. त्याच खर्चात बर्र आणि बेअरिंग वरच्या दर्जाचे मिळतात, कारण मोटर, स्विच, वायरिंग यांवर काहीच जात नाही.

खाचेचा आकडा बघून घ्या, नुसतं ‘एस्प्रेसोला चालतो’ यावर नको. वनझेडप्रेसो जे-अल्ट्रा ८ मायक्रॉन. किनग्राइंडर के६ १६ मायक्रॉन. कमांडान्टे सी४० ३० मायक्रॉन, रेड क्लिक्स (बारीक खाचांचा वेगळा भाग) बसवल्यावर १५. सी४० नुसता घेतलात तर तुमचं दुखणं थोड्याफार फरकाने तेच राहील, जरी दळणाची प्रत उत्तम असली तरी.

अडचण ताकदीची. एस्प्रेसोइतकं बारीक १८ ग्रॅम दळायला मध्यम भाजणीला मिनिटाच्या आत-बाहेर लागतं, हलक्या भाजणीला दीड मिनिटही, आणि मनगटाला जोर लागतो. ग्राइंडर थोडा तिरका धरून फिरवला की दाणे बर्रमध्ये हळूहळू उतरतात आणि दांडा अडत नाही. घरात चौघांना पाठोपाठ कॅपुचिनो लागत असेल तर हा रस्ता नको.

खाचखळगे:
इलेक्ट्रिकमध्ये तीन प्रकारांत विभागणी करून बघा.

पहिला, खाचांचाच पण एस्प्रेसोच्या टोकाला बारीक खाचा असलेला. बरात्झा एन्कोर ईएसपीमध्ये १ ते २० हा भाग एस्प्रेसोसाठी बारीक आहे आणि २१ ते ४० पोअर-ओव्हरसाठी जाड. दोन्ही करणाऱ्याला आकडा लक्षात ठेवून परत येता येतं, ही मोठी सोय.

दुसरा, हॉपरवाला (वर दाणे भरून ठेवायचं भांडं असलेला), खाच नसलेला, टायमरचा. युरेका मिन्योन स्पेशालिता हे नेहमीचं उदाहरण, ५५ मिमी फ्लॅट बर्र. एकच कॉफी, रोज अनेक शॉट, हॉपर भरलेला, अशा घराला योग्य. टायमर वजन मोजत नाही, वेळ मोजतो. सेटिंग बारीक केलं की त्याच सेकंदांत कमी कॉफी पडते. दर बदलानंतर वजन पुन्हा लावावं लागतं.

तिसरा, सिंगल डोस. तोलून दाणे टाका, तेवढेच दळून काढा. निश झीरो ६३ मिमी कोनिकल, डीएफ६४ ६४ मिमी फ्लॅट. वारंवार कॉफी बदलणाऱ्याला हाच प्रकार.

हॉपरवाल्या ग्राइंडरमध्ये मोजून १८ ग्रॅम टाकले तर वर वजन नसल्यामुळे शेवटचे दाणे बर्रवर उड्या मारतात आणि दळ बदलतं. तसं वापरायचं असेल तर नेहमीच तसं वापरा आणि सेटिंग त्याप्रमाणे खाली ठेवा. आज हॉपर भरून आणि उद्या मोजून असं केलं की आकडे जुळणार नाहीत.

दळणदळ:
फ्लॅट की कोनिकल यावर मत देतो. कोनिकलच्या शॉटला अंग जास्त, चव एकत्र मिसळलेली, सेटिंग थोडं चुकलं तरी सांभाळून घेणारा. मोठ्या फ्लॅट बर्रचा शॉट चवी सुट्ट्या करून दाखवतो, पण चूकही तितकीच उघडी पाडतो. दुधातली कॉफी आणि मध्यम-गडद भाजणी असेल तर कोनिकलमध्ये काही गमावत नाही. हलकी भाजणी, दुधाशिवाय, असं असेल तर फ्लॅट.

मंद_आच:
यात मी थोडा वेगळा जाईन. नुसत्या आकारापेक्षा बर्रच्या दात्यांची घडण जास्त ठरवते. दोन ६४ मिमी फ्लॅट बर्रचे शॉट एकमेकांपासून इतके वेगळे लागू शकतात की फ्लॅट-कोनिकल हा फरक त्यापुढे लहान वाटावा. ६४ मिमीचा खरा फायदा हा, की एसएसपीसारख्या कंपनीचे दुसरे बर्र त्याच ग्राइंडरमध्ये बसवता येतात.

दळणदळ:
ते मान्य. पण पहिल्याच बदलात बर्र बदलायच्या विचाराने ग्राइंडर घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. आधी मूळ बर्रवर हात बसू दे.

अर्धाकप:
दिवसाला दोन शॉट, दर दोन आठवड्यांनी वेगळी कॉफी, निम्मे दुधातले. पोअर-ओव्हर जुन्या ग्राइंडरवर राहील. म्हणजे ८ मायक्रॉनचा हाताचा, किंवा सिंगल डोस कोनिकल. सकाळच्या वेळेचा विचार करता इलेक्ट्रिक सिंगल डोसकडे झुकतोय. खाच नसलेल्या ग्राइंडरवर नेमकं कसं जुळवायचं?

खाचखळगे:
आधी शून्य शोधा. ग्राइंडर रिकामा, प्लग काढलेला, बर्र हाताने फिरवत कॉलर आवळत जा. पहिली घासल्याची जाणीव झाली तो शून्य. हा बिंदू डायलवरच्या छापील शून्याशी जुळेलच असं नाही, म्हणून स्वतःची खूण करा. तिथून थोडं जाड करून पहिला शॉट घ्या.

बारीक करताना मोटर चालू असली पाहिजे. बंद असताना आवळलं तर बर्रमध्ये अडकलेले तुकडे आडवे येतात, आणि जोर केला की आटे किंवा कॉलर खराब होते. जाड करायला बंद असली तरी चालते. आट्यांमध्ये थोडा सैलपणा असतो, त्यामुळे कुठल्याही आकड्यावर येताना नेहमी एकाच बाजूने या: आधी थोडं जाड करा, मग बारीक करत आकड्यावर थांबा. नाहीतर तोच आकडा दोन वेगळे शॉट देईल.

तराजू:
सिंगल डोसची जाहिरात ‘शून्य रिटेन्शन’ अशी असते. १८.० टाकले आणि १८.० आले म्हणजे आत काही राहिलं नाही असं होत नाही. आतला जुना अर्धा ग्रॅम बाहेर आला आणि नवा अर्धा आत बसला तरी काटा तेच दाखवेल. पारखायचं असेल तर गडद भाजणी दळल्यावर लगेच हलकी दळा आणि पहिल्या ग्रॅममध्ये काळे कण शोधा. सेटिंग बदललं की २-३ ग्रॅम दळून टाकणं सिंगल डोसलाही लागू आहे.

दळण्याआधी दाण्यांवर पाण्याचा एक-दोन बारीक फवारा मारून ढवळा. चुरा विद्युतभारित होऊन नळीला चिकटतो, तो कमी होतो. ओरेगन विद्यापीठातल्या हेंडन यांच्याच गटाने २०२३ मध्ये हे मोजून दाखवलं: दाण्यातली आर्द्रता आणि भाजणी यांवर भार ठरतो, आणि थोडं पाणी तो बराच घटवतो. थोडं म्हणजे थोडंच. दाणे ओले चमकता कामा नयेत.

बास्केटमध्ये ०.३ ते ०.४ मिमी जाडीच्या सुयांनी तळापासून वरपर्यंत ढवळा, मग सपाट टँप. एवढं पुरे.

दळणदळ:
नवीन बर्रचं दळ पहिल्या काही किलोंपर्यंत बदलत राहतं, कारण दात्यांच्या कडांवरचा कारखान्यातला सूक्ष्म खडबडीतपणा घासून जायचा असतो. आज २८ सेकंद देणारा आकडा तीन आठवड्यांनी तेच देईल अशी अपेक्षा ठेवू नका आणि त्या काळात बर्र बदलायचा विचारही नको. पहिलं पाकीट नेहमीच्याच मध्यम भाजणीचं घ्या, म्हणजे ७ व्या खाचेवरच्या १७ ग्रॅमच्या शॉटशी शेजारी ठेवून चव घेता येईल. जुना ग्राइंडर आता २० व्या खाचेच्या वर ठेवून टाका, आणि एस्प्रेसोचा बारीक चुरा नळीतून पुरता निघेपर्यंत पहिले ५-६ ग्रॅम पोअर-ओव्हरमध्ये घालू नका.